नवोदयचा निकाल आणि काट्याची पावती

नवोदय विद्यालयाची निवड यादी लागली की माजलगाव तालुक्यात गावोगाव एकच प्रश्न ऐकू येतो : अपील कुठे करायचे? पोराचे नाव यादीत नाही. मास्तर म्हणतात, पेपर सोपा होता. पोरगा म्हणतो, एकही प्रश्न सोडला नाही. मग नाव का नाही? आईबापांना सरळ उत्तर कोणी देत नाही, म्हणून हा विषय आम्ही जिल्हा बैठकीपुढे ठेवीत आहोत.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या विद्यालयांना रूप दिले. पहिली दोन १९८५-८६ साली निघाली, एक हरियाणात झज्जरला, दुसरे आपल्या अमरावतीला. आपल्या जिल्ह्याचे विद्यालय गेवराई तालुक्यात गढी येथे आहे. सहावीला जागा ८०. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या. राहणे, जेवणे, पुस्तके सरकारकडून. मुकादमाच्या उचलीवर वर्ष काढणाऱ्या घराला ही जागा म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगायला नको.

परीक्षा दोन तासांची, प्रश्न ८०, गुण १००. मानसिक क्षमता चाचणीला ५०, अंकगणिताला २५, भाषेला २५. मूल एकदाच बसू शकते, दुसरी संधी नाही. आणि नियम असा की गुण कळविले जाणार नाहीत, फेरतपासणी नाही, फेरबेरीज नाही. कारण सांगितले जाते की निकाल संगणकावर नीट पडताळूनच तयार होतो.

संगणक चुकतो असा आमचा आरोप नाही. आमचे म्हणणे साधे आहे. कारखान्याचा काटा बरोबर आहे असे कारखाना सांगतो, तरी शेतकरी वजनाची पावती मागतोच. पावतीशिवाय माल टाकून येणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. मग दहा-अकरा वर्षांच्या पोराने वर्षभर केलेल्या कष्टाचे वजन पावतीविना का मानायचे?

बियाण्याचे उदाहरण घ्या. १९६६ च्या बियाणे कायद्यात निरीक्षक नमुना घेतो तेव्हा त्याचे तीन भाग करतो. एक ज्याच्याकडून घेतला त्याच्या हाती, एक प्रयोगशाळेला, एक राखून. खटला उभा राहिला तर विक्रेता न्यायालयाकडे अर्ज करून नमुना केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठवायला लावू शकतो. म्हणजे बियाण्याच्या पिशवीला दुसरी सुनावणी आहे, शेतकऱ्याच्या पोराला नाही! शिष्यवृत्ती परीक्षेत राज्य परीक्षा परिषद अंतरिम उत्तरसूची काढते, हरकती मागविते, गुण दाखविते, गुणपडताळणीचे अर्ज घेते. राज्याला जे जमते ते केंद्राला का जमू नये?

आता आईबापांनी करायचे काय? आधी नकार कशाचा आहे ते ओळखा.

यादीत नावच नसेल तर गुण वाढवून देणारे अपील अस्तित्वात नाही. 'आमची ओळख आहे, यादीत घालतो' असे म्हणून कोणी पैसे मागितले तर त्याला दारातूनच परत पाठवा. माहितीचा अधिकार मात्र आहे. २००५ च्या कायद्याखाली दहा रुपये भरून आपल्या मुलाची उत्तरपत्रिका आणि गुण मागता येतात. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. नाही आले किंवा नकार आला, तर त्यापुढे तीस दिवसांत पहिले अपील, मग नव्वद दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे. परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका पाहता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सीबीएसईच्या प्रकरणात म्हटले. २०१८ साली लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हात आखडता घेतला. तेव्हा यश हमखास नाही, पण मागितल्याशिवाय मिळणार नाही.

नाव यादीत आले आणि कागदपत्रांवर अडले, तर गोष्ट वेगळी. इथे भांडायला जागा आहे. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे खेड्यातल्या शाळेत काढलेली असावी लागतात. यातले थोडे दिवसही शहरी हद्दीतल्या शाळेत गेले तर मूल शहरी ठरते. माजलगाव नगर परिषदेच्या हद्दीत शाळा असेल तर घर आणि रान खेड्यात असून उपयोग नाही. म्हणून शाळेचा दाखला, जन्मतारीख, जातीचा दाखला आधीच जुळवून ठेवा. नकार तोंडी ऐकून परत फिरू नका. लेखी कारण मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

सर्वांत मोठा अन्याय ऊसतोड कामगारांच्या मुलांवर आहे. दिवाळीनंतर टोळ्या कोल्हापूर, सांगलीकडे आणि कर्नाटकात जातात. नियम म्हणतो, पाचवी याच जिल्ह्यात झाली पाहिजे. फडाजवळच्या शाळेत नाव घातले तर हक्क जातो, न घातले तर शाळा जाते. परीक्षेची तारीखही ऐन हंगामातली : २०२५ ची निवड परीक्षा १८ जानेवारीला झाली, त्यापुढची १३ डिसेंबर २०२५ ला. आईबाप फडात, पोराला परीक्षा केंद्रावर न्यायचे कोणी? जे मूल परीक्षेला पोचलेच नाही, त्याचे अपील कोणत्या कलमाखाली करायचे?

कोणी म्हणेल, फेरतपासणी दिली तर पैसेवालेच अर्ज करतील आणि प्रवेश लांबतील. खरे आहे, म्हणून आम्ही अर्जापेक्षा आधी उघडेपणा मागतो. सर्वांचे गुण आपोआप कळले तर बहुतेकांना अर्ज करावाच लागणार नाही.

बैठकीपुढे आमच्या मागण्या अशा : प्रत्येक मुलाचे गुण आणि उत्तरसूची जाहीर करा. ठरलेल्या मुदतीत एकदा पडताळणी द्या. कागदपत्रांवरचा नकार लेखी द्या आणि दुरुस्तीला पंधरा दिवस द्या. स्थलांतरित मुलाची फडावरची हजेरी मूळ जिल्ह्याची धरा. हंगामी वसतिगृहातल्या मुलांना केंद्रावर नेण्याची जबाबदारी शिक्षण विभागाने घ्यावी.

एक गोष्ट मात्र विसरू नये. सगळी अपिले जिंकली तरी जागा ८०च राहतील. यादीबाहेर राहिलेली पोरे ज्या जिल्हा परिषद शाळेत बसणार आहेत, तिथे मास्तर आहे की नाही, छत गळते की नाही, हा हिशेबही याच बैठकीत मागायचा आहे. आणि घरी पोराला नापास म्हणू नका. तो नापास झालेला नाही. त्याची पावती त्याला अजून मिळालेली नाही, एवढेच.