गैरहजर म्हणजे पास नव्हे

मागच्या रविवारी भाच्याशी फोनवर चांगलंच वाजलं. विषय काय, तर ऑर्का! म्हणजे आपण ज्याला किलर व्हेल म्हणतो तो. हसू नका. सत्तरी ओलांडली की माणूस कशावरूनही भांडतं हे मान्य, पण या वेळी माझं बरोबर होतं, म्हणून इथे लिहितेय.

लेक सिएटलला असते. तिच्याकडे गेले की फेरीबोटीच्या खिडकीशी बसून त्या काळ्या पाठी दिसतात का ते बघत राहते. तिथल्या ऑर्कांच्या एका समाजाला 'सदर्न रेसिडेंट' म्हणतात. १९९५ साली ते ९८ होते, २०२४च्या मोजणीत ७३ भरले. मी हळहळले, तर भाचा म्हणतो, "मावशी, जगात हजारो ऑर्का आहेत. आययूसीएनच्या यादीत ते धोक्यात आहेत असं लिहिलेलंच नाही. आणि सॅमन मिळत नसेल तर सील खावेत की! सील काय कमी आहेत?"

पहिला मुद्दा यादीचा. त्या यादीत ऑर्कापुढे 'अपुरी माहिती' असा शेरा आहे. बत्तीस वर्षं मी निकालपत्रकं भरली. मुलाच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं म्हणजे तो पास झाला असं एकाही पालकाने मला कधी सांगितलं नाही! शेरा अपुरा आहे, कारण जगभरचे सगळे ऑर्का एकाच नावाखाली कोंबलेत. २०२४ साली काही शास्त्रज्ञांनी मांडलं की रेसिडेंट आणि बिग्ज या तिथल्या दोन समाजांना वेगळ्या जातीच मानायला हवं. आणि सदर्न रेसिडेंटपुरतं म्हणाल तर माहिती भरपूर आहे. एकेकाची पाठ आणि पंख ओळखून मोजणी होते. अमेरिकेने त्यांना २००५ सालीच संकटग्रस्त ठरवलंय, कॅनडानेही ठरवलंय. वर्गाची सरासरी चांगली आहे म्हणून नापास होणाऱ्या पोराकडे बघायचंच नाही, असं कुठलं शास्त्र?

दुसरा मुद्दा सीलचा. याच पाण्यात सील खाणारे ऑर्का आहेत, तेच ते बिग्ज. सील वाढले तसे तेही वाढले, त्यांचं बरं चाललंय. पण रेसिडेंट मासेखाऊ. मासा तरी कुठला? सॅमनमधला सगळ्यात मोठा, सगळ्यात तेलकट चिनूक. उन्हाळ्यात त्यांच्या खाण्यात बहुतांश तोच असतो. दुसरे सॅमन ढिगाने असले तरी शोधतात चिनूकच. हा काही लाडावलेल्या पोराचा हट्ट नाही. काय खायचं, ते कसं पकडायचं, कुठल्या बोलीत एकमेकांना हाका मारायच्या, हे सगळं आई-आजीकडून शिकलेलं असतं. दोन्ही समाज एकाच पाण्यात पोहतात, पण त्यांच्यात सोयरीक होत नाही. चिनूक कमी असलेल्या वर्षी तर वयस्क माद्याच कळपाच्या पुढे असतात, असं २०१५च्या एका अभ्यासात दिसलं. म्हाताऱ्यांना ठाऊक असतं मासा कुठे मिळेल ते! (हे भाच्याने दोनदा वाचावं.)

मासा नसला की काय होतं? २००८ ते २०१४ या काळात तपासलेल्या गर्भारपणांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश वाया गेली. २०१८ साली टाहलेक्वा नावाच्या मादीने मेलेलं पिल्लू १७ दिवस डोक्यावर वाहिलं. २०२५च्या जानेवारीत पुन्हा तेच, दुसरं पिल्लू. तिला "सील खा" म्हणून कोण सांगणार?

कारणं एक नाहीत. साठ-सत्तरच्या दशकांत मत्स्यालयांसाठी त्यांची पिल्लं डझनावारी पळवली. पाण्यात पीसीबीसारखी विषारी रसायनं आहेत, जहाजांच्या गोंगाटात शिकारीचा कानोसा लागत नाही. पण उपाशी जीवाला या सगळ्याचा मार दुप्पट बसतो, म्हणून मुळाशी मासाच. चिनूक नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदी चढतो. कोलंबियाला मिळणाऱ्या स्नेक नदीच्या खालच्या भागात चार धरणं आहेत. तिथल्या आदिवासी जमातींशी २०२३ साली सरकारने करार केला, त्या धरणांचा फेरविचार करण्याची वाट उघडली, आणि जून २०२५मध्ये नव्या सरकारने त्यातून अंग काढून घेतलं. माझा राग आहे तो इथे.

धरणं वीज देतात, गव्हाचे बार्ज त्यातून जातात, हे मला कळतं. शेतकऱ्याची सोय आधी लावा, मग धरण काढा. पण "काही करता येत नाही" हे मात्र खोटं. एल्वा नदीवरची दोन धरणं २०१४पर्यंत काढली आणि चिनूक वर चढले. क्लॅमथवरची चार २०२४मध्ये निघाली आणि त्याच शरद ऋतूत चिनूक वर पोचले. नदीला वाट दिली की ती शंभर वर्षांचा अबोलाही विसरते.

आणि 'किलर' हे नाव! रानातल्या समुद्रात ऑर्काने माणूस मारल्याची एकही नोंद नाही. आपण त्यांचं ताट काढून घेतलं आणि वर नाव ठेवलं किलर.

असो. भाच्याला हा लेख वाचायला सांगितलाय. उत्तर नाही आलं तर मी त्याच्यापुढे 'गैरहजर' लिहीन. पास नाही.