‘आपसात मिटवू’ म्हणण्याआधी पोलिसांत नोंद करा



धंद्याची गाडी ठोकली की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं: "कशाला पोलीस? आपसात मिटवून टाकू." वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मागे हॉर्न वाजत असतात, बोरिवलीला माल वेळेत पोचवायचा असतो. समोरच्याने दिलेले दोन-पाच हजार खिशात टाकून आपण निघतो. माझं मत स्पष्ट आहे. कुणाला लागलं असेल किंवा नुकसान मोठं असेल, तर हा सौदा तोट्याचा.

का ते बघा. समोरच्या गाडीच्या विम्यातून भरपाई हवी, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. तिथे नुसत्या शब्दाला किंमत नाही. एफआयआर लागतो, घटनास्थळाचा पंचनामा लागतो. कायद्यात दाव्याची मुदत सहा महिने आहे. कागद नंतर जमवू म्हणाल, तर वेळ निघून जाईल.

९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टच्या बसने पादचाऱ्यांना आणि अनेक गाड्यांना उडवलं. सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. पण अशा गाजलेल्या अपघातातही आपल्या गाडीचा नंबर पंचनाम्यात आला का, हे मालकानेच बघायचं असतं.

आता उलट बाजू. चूक आपल्या ड्रायव्हरची असली तर? भरपाईची जबाबदारी मालकावरही येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे ड्रायव्हरने जखमीला उपचार मिळवून द्यायचे, जास्तीत जास्त २४ तासांत पोलिसांना कळवायचं आणि विमा कंपनीलाही लेखी माहिती द्यायची. पळून गेला, तर तुमचीच बाजू लंगडी पडते.

"चौकीत अर्धा दिवस जातो हो!" मान्य. बंपरला ओरखडा आला म्हणून एफआयआर करा, असं मी म्हणत नाही. तिथे फोटो काढा, विमा कंपनीला फोन करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पण गंभीर अपघातात "ही आमची हद्द नाही" ऐकून परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती मागून घ्या.

आजच एक काम करा. पॉलिसी नंबर आणि विमा कंपनीचा फोन नंबर एका कागदावर लिहून गाडीत ठेवा, आणि ड्रायव्हरला शेजारी बसवून हे सगळं समजावून सांगा. टेम्पो महिनाभर गॅरेजमध्ये उभा राहिला तरी त्याचा हप्ता थांबत नाही.