थंडी चार रात्रींची, अनुदान तीन वर्षांचं

मेहकर : आपल्याकडं बर्फ पडत नाही, म्हणून नवीन लावलेली आंबा-संत्र्याची कलमं थंडीत उघडीच राहतात. पण हवामान खातं पारा मोजतं तो जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, अशा रात्री खाली गारठा त्याहून जास्त असतो. कोवळी पालवी करपते. खोलगट वावरात तर जास्तच, कारण थंड हवा पाण्यासारखी उताराने खाली येऊन साचते.

यात पैसाही अडकलेला आहे. भाऊसाहेब फुंडकर (आपल्याच जिल्ह्यातले, खामगावचे) यांच्या नावाच्या फळबाग योजनेचं अनुदान ५०, ३० आणि २० टक्के असं तीन वर्षांत मिळतं. दुसऱ्या वर्षी बागायती झाडं ९० टक्के जिवंत लागतात. म्हणजे शंभरातली अकरा गेली की नांग्या भरा, तेही स्वखर्चानं.

उपाय घरचाच. तुऱ्हाट्या-कडब्याची खोपी करायची, आग्नेयेची बाजू उन्हासाठी उघडी. विहिरीचं पाणी रात्री जमिनीपेक्षा कोमट असतं, ते दिलं की मुळाशी ऊब राहते. रात्रपाळीची लाईट कधी नव्हे ती कामी येते! धुराचा भरवसा मात्र वारा सुटला की संपला. करपलेल्या फांद्या लगेच छाटू नका. थंडी ओसरून फुटवे निघाले की मेलेलं किती ते दिसतं.