बार्शी लाईटच्या इतिहासात तडवळे कुठे आहे?

बार्शी लाईट रेल्वे म्हटलं की तीनच गोष्टी ऐकवल्या जातात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची करामत, अडीच फुटी रूळ आणि पंढरीच्या वारकऱ्यांची गर्दी. 1897 ला कुर्डुवाडी ते बार्शी, पुढे तडवळ्यावरून 1911 ला लातूर, 1954 ला सरकारने कंपनी घेतली. नंतर ब्रॉडगेज आली आणि छोट्या गाडीची स्टेशनं ओस पडली. हे सगळं खरं आहे. पण या यादीत 1941 का नाही?

22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला याच मार्गावरच्या कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदार परिषद भरली. बाबासाहेब तिथे आले होते. वतन म्हटलं की आजच्या पोरांना जहागिरी वाटते. प्रत्यक्षात ते तुकडाभर इनाम जमीन आणि बलुत्याच्या बदल्यात सरकारची आणि गावाची रात्रंदिवस चाकरी होती. सांगावा पोचवा, साहेबाचं ओझं उचला, मेलेलं ढोर ओढा. बाबासाहेबांनी 1928 लाच मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. वतनं गेली ती 1958 च्या कायद्याने. म्हणजे शिवेवर वाफेचं इंजिन शिट्टी मारत असताना गावातला निरोप महाराच्याच पायांनी धावत होता. आणि महार व मांग एका मांडवात बसले होते, हे आज दोघांना एकमेकांवर सोडणाऱ्यांना आठवायला नकोच असतं.

रेल्वेचा जातीशी काय संबंध, असं विचारणारे भेटतातच. त्यांना आम्ही मसूर स्टेशन सांगतो. लाईन वेगळी, देश हाच. 1901 ला वडिलांकडे निघालेला लहानगा भीम तिथे उतरला. 'महार' शब्द ऐकताच स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. दुप्पट भाडं कबूल केलं तरी गाडीवान शेजारी बसायला तयार नव्हता, बैलगाडी पोरांनीच हाकली. तिकीट सगळ्यांना एकाच खिडकीवर मिळत असेल, पण फलाटाबाहेर मनूचाच कारभार होता.

दोष फक्त रेल्वेप्रेमींचा नाही. महाड, नाशिक आपल्याला तोंडपाठ, तडवळे विचारलं तर आपलेच कार्यकर्ते एकमेकांकडे बघतात.

आमची मागणी साधी आहे. बार्शी लाईटच्या जुन्या स्टेशनांवर इतिहासाचा फलक लागेल तेव्हा कॅलथ्रॉपच्या नावाबरोबर या परिषदेची तारीखही लागली पाहिजे. धाराशिव, बार्शी, लातूरच्या पोरांनी फलकाची वाट बघू नये. ज्यांच्या घरात त्या दोन दिवसांच्या आठवणी सांगितल्या जातात त्यांच्याकडे जावं, मोबाईलवर रेकॉर्ड करावं, जुने कागद, फोटो असतील तर त्यांच्या प्रती काढाव्यात. जय भीम.