डॅकच्या डबीत अभंग नाही



हल्ली भजनी मंडळींच्या घरी एक नवा वाद ऐकू येतो. संगणकात अभंगांचा साठा आहे, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर चांगले आहेत; आता मध्ये ‘डॅक’ नावाची डबी जोडावी की नाही? संगणकातील आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करणारे हे यंत्र. ते संगणकात मुळात असतेच. विकणारे म्हणतात, ते हलके, आमचे घ्या.

पूर्वपक्ष असा : नवविधा भक्तीत श्रवण पहिले, मग श्रवणाच्या साधनात कंजुषी का? युक्तिवाद गोड आहे, म्हणूनच फसवा आहे. शुकाचार्यांनी परीक्षितीला सात दिवस भागवत ऐकवले तिथे कुठला ॲम्प्लिफायर होता, एवढे म्हणून मोकळे होता येईल. पण ते आळशाचे उत्तर. आपण त्यांच्याच अंगणात जाऊन बोलू.

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. आमच्या वयात वरचे टोक गळालेलेच असते. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. त्यातून २२,००० हर्ट्झपर्यंतचा नाद पुरता उभा राहतो. ‘१९२ किलोहर्ट्झ’ ही पाटी पाहून जास्त पैसे मोजणाऱ्याने तो वरचा नाद वटवाघळाला ऐकवावा! आणि ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवरून उतरवलेला अभंग? त्या दिवशी यंत्राने जे टिपलेच नाही, ते कोणती डबी आज परत आणणार?

खरा बिघाड बहुधा फायलीत असतो. टाळ ऐका. टाळाच्या नादात फार उंच स्वरांश असतात आणि ६४ किलोबिटच्या एमपीथ्रीत पहिला बळी त्यांचाच जातो. किणकिण संपून पाणी ओतल्यासारखी सळसळ उरते. मृदंग बऱ्यापैकी वाचतो, टाळ वाचत नाही. आणि टाळाविना वारकऱ्याचे भजन ते कसले? अशी फाईल मोठ्या स्वरूपात बदलून घेतली तरी गेलेले परत येत नाही. पिठाचे पुन्हा जोंधळे होत नाहीत. मूळ सीडी घरात असेल तर ती ‘फ्लॅक’मध्ये नव्याने उतरवून घ्या. खर्च काही नाही.

मृदंगाचा डावा हात नुसताच घुमत असेल तर स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढा.

डबी कधीच घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. अभंग थांबवा, आवाज वाढवा आणि माउस हलवा. स्पीकरमधून कुरकुर आली तर संगणकाच्या पोटातला गोंधळ बाहेर येतो आहे. तिथे साधी, स्वस्त बाहेरची डबी कामाची. मात्र लॅपटॉपचा चार्जर काढताच घरघर थांबली, तर आधी वायरमन बोलावून घरचे अर्थिंग तपासा.

एवढे करूनही मन ऐकत नसेल तर कुणाची तरी डबी दोन दिवस मागून आणा. दोन्हींचा आवाज अगदी सारखा ठेवा, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच सरस वाटतो. तुम्ही पाठमोरे बसा आणि नातवाला तारा बदलायला सांगा, दहा वेळा. नऊ वेळा ओळखलीत तर खुशाल विकत घ्या. पाच-सहा वेळा ओळखलीत तर तेवढे नाणे उडवूनही जमले असते. डबी ज्याची त्याला परत द्या.