हद्दपारीला स्वगृहगमन म्हणता येईल काय?

शब्दांच्या आड अन्याय फार सुखाने लपून बसतो. माणसाला त्याच्या राहत्या घरातून पोलिसाकरवी उठवावयाचे, मालमोटारीत भरावयाचे, सीमेपलीकडे लोटावयाचे आणि वर म्हणावयाचे की, तो आपल्या देशी परत गेला! पाकिस्तान व इराण या देशांतून अफगाण निर्वासितांची जी रवानगी चालू झाली, तिला असेच गोंडस नाव देण्यात येत आहे. म्हणून वाचकहो, ही हकीकत नीट समजून घ्या.

डिसेंबर 1979 मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तेथील लक्षावधी लोक देशोधडीस लागले. पुढे यादवी झाली, 1996 मध्ये तालिबानची राजवट आली, 2001 नंतर वीस वर्षे युद्ध चालले आणि 15 ऑगस्ट 2021 रोजी काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेले. दर खेपेस माणसांचे नवे लोंढे सीमा ओलांडत राहिले. पेशावर, क्वेट्टा, कराची, मशहद, तेहरान या शहरांत त्यांच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. ज्याचा जन्म पेशावरात झाला, ज्याने अफगाणिस्तान कधी डोळ्यांनी पाहिले नाही, त्याने 'परत' जावयाचे म्हणजे कोठे जावयाचे?

ऑक्टोबर 2023 मध्ये पाकिस्तान सरकारने फर्मान काढले की, कागदपत्रे नसलेल्या परकीयांनी 1 नोव्हेंबरपूर्वी देश सोडावा. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारे पाच लाख अफगाण तोरखम व चमन या नाक्यांवरून बाहेर पडले. जाताना माणशी पन्नास हजार पाकिस्तानी रुपयांहून अधिक रोकड नेण्यास मनाई होती; म्हणजे जन्मभराच्या मिळकतीवरही पाणी सोडावे लागले. नंतर 31 मार्च 2025 ही मुदत देऊन, सरकारने स्वतःच दिलेले अफगाण नागरिक कार्ड ज्यांच्यापाशी होते, त्यांनाही निघण्यास सांगण्यात आले. इराणने 6 जुलै 2025 ही मुदत घातली. त्या सुमारास इस्लाम कला नाक्यावरून एकेका दिवशी चाळीस हजारांहून अधिक माणसे हेरात प्रांतात उतरत होती. त्या एका वर्षात दोन्ही देशांतून परतलेल्यांची संख्या वीस लाखांच्या वर गेली.

या दोन देशांनी चाळीस वर्षे हा भार वाहिला आणि श्रीमंत राष्ट्रांनी त्यांना पुरेसा हात दिला नाही, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. परंतु राष्ट्रांच्या आपसातील हिशेबाची वसुली निराधार कुटुंबाकडून करणे, हा कोठला न्याय?

आता पलीकडे काय आहे ते पाहा. ऑक्टोबर 2023 च्या भूकंपांनी हेरातकडील गावे उद्ध्वस्त झाली. 31 ऑगस्ट 2025 च्या रात्री पूर्वेकडील कुनार भागात झालेल्या भूकंपाने दोन हजारांहून अधिक बळी घेतले. अशा भूमीत घर नाही, शेत नाही, काम नाही, अशी माणसे येऊन पडली आहेत. त्यांतही स्त्रियांची दशा सर्वांत कठीण. सहावीपुढील मुलींच्या शाळा बंद आहेत. डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठांची दारेही स्त्रियांना बंद झाली. पाकिस्तानात नववीत शिकणारी मुलगी तोरखमचा नाका ओलांडते, त्याच क्षणी तिचे शिक्षण संपते. तिने कोणता अपराध केला होता?

नाक्यावर संयुक्त राष्ट्रांच्या संस्था नावनोंदणी करतात, अन्न, औषध व प्रवासापुरती रोकड देतात. हे काम मोलाचे आहे. परंतु दोन दिवसांच्या शिध्याने संसार उभा राहत नाही. निवारा, ओळखपत्र, दवाखाना व रोजगार ही खरी गरज आहे. नेमक्या अशा वेळी, 2025 च्या आरंभी, अमेरिकेने परदेशी साहाय्य आखडते घेतले आणि अनेक आरोग्यकेंद्रे बंद पडली. दुसरीकडे डिसेंबर 2022 पासून बिगरसरकारी संस्थांत स्त्रियांनी काम करण्यास तालिबानने बंदी घातलेली आहे. जेथे परपुरुषाशी बोलणे स्त्रीला अवघड, तेथे मदत करणारी स्त्रीच नसेल, तर एकट्या विधवेची व्यथा ऐकणार कोण? म्हणून स्त्री-कार्यकर्त्यांना काम करू द्या, ही मागणी साहाय्याच्या मागणीपासून तोडता येत नाही.

कोणी म्हणेल, मदत पाठविली तर तालिबानचे हात बळकट होतील. ही भीती निराधार नाही. म्हणून मदत राज्यकर्त्यांच्या हाती न देता थेट कुटुंबाच्या हाती पडावी आणि तिचा हिशेब द्यावा, असा आग्रह धरावा. पण जुलमी सत्तेला शिक्षा म्हणून तिच्याच बळींना उपाशी ठेवणे, ही शिक्षा नव्हे. ती जुलमातील भागीदारी होय.

दुसरा आक्षेप आपल्याच घरात निघेल. मार्च 2001 मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती ज्यांनी सुरुंग लावून उडविल्या, त्यांच्या देशाची चिंता आपण का करावी? वाचकहो, मूर्ती तालिबानने फोडल्या. त्या मूर्तींच्या पायथ्याशी पिढ्यान्पिढ्या राहणारे हजारा लोक त्याच तालिबानच्या तलवारीखाली होते. जानेवारी 2001 मध्ये बामियान प्रांतातील यकावलंग येथे त्यांची कत्तल झाली. इराणातून लोटून दिलेल्या निर्वासितांत हजारांची संख्या मोठी आहे. मूर्ती फोडणारा आणि त्याच्या भयाने पळालेला, यांस एकाच मापाने मोजाल काय?

आणि आपला देश? निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. मात्र 1964 च्या सुमारास चितगावच्या डोंगराळ मुलुखातून आलेल्या चकमांना, जे बहुसंख्य बौद्ध आहेत, अरुणाचल प्रदेशातून हुसकावण्याची धमकी मिळाली, तेव्हा 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण संविधानाने केवळ नागरिकाला नव्हे, प्रत्येक व्यक्तीला दिले आहे. जो न्याय चकमांना लागू, तो पेशावरच्या अफगाणालाही माणूस म्हणून लागू असला पाहिजे. आपल्या बांधवांसाठी एक तत्त्व आणि परक्यासाठी दुसरे, असे तत्त्व हे तत्त्वच नव्हे.

तेव्हा आपण काय करावे? ऐपतीप्रमाणे विश्वासू साहाय्यसंस्थेस वर्गणी द्या. आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारा की, भारतात निर्वासितांचा कायदा केव्हा होणार? पुण्याच्या महाविद्यालयांत अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षे शिकत आले आहेत. ते शेजारी असतील तर त्यांची विचारपूस करा, विशेषतः मुलींची. आणि आपल्या घरात, सभेत, 'घुसखोर' हा शब्द निर्वासिताला लावला जाऊ देऊ नका. ही भीक नव्हे, दयाही नव्हे. माणसाचा हक्क हा तो कोणत्या सीमेच्या आत उभा आहे यावर ठरत नाही, असे आपण मानत असू, तर ते कृतीने सिद्ध करण्याची हीच वेळ आहे.