कारणे वयाची, पुडी एकच

'तंबाखू का खाता?' असे विचारले की उत्तर लगेच मिळते. मात्र ते उत्तर तंबाखूविषयी कमी आणि उत्तर देणाऱ्याच्या वयाविषयी अधिक सांगते, असे आमचे निरीक्षण आहे.

भोसरी, आकुर्डी, चाकण या पट्ट्यात त्यासाठी लांब जावे लागत नाही. पाळी सुटताना कारखान्याजवळच्या कोणत्याही टपरीपाशी थोडा वेळ उभे राहावे. मराठवाड्यातून आलेला, कंत्राटावर लागलेला विशीतला मुलगा म्हणतो, 'रात्रपाळीला झोप उडते.' चाळिशीतला कायम कामगार म्हणतो, 'बार भरल्याशिवाय कामात लक्ष लागत नाही.' निवृत्त झालेले आजोबा म्हणतात, 'सकाळी पोट साफ होत नाही.' टपरीवर कधीच न दिसणाऱ्या आजी घरी मिश्री लावतात. त्यांच्या लेखी ती तंबाखू नव्हेच, दातांचे औषध आहे.

ही माणसे खोटे बोलत नाहीत. निकोटिन तरतरी आणते, आतड्यांनाही चालना देते. चुना मळल्याने ते तोंडाच्या अस्तरातून अधिक वेगाने रक्तात उतरते. तथापि ही सर्व कारणे एकाच जातीची नाहीत. विशीतल्या मुलाचे कारण त्याच्या शरीराबाहेर असते: सलग रात्रपाळ्या, पाच-सहा जणांची खोली, दिवसा न लागणारी झोप आणि अनोळखी गावात प्रथमच पुढे आलेला कुणाचा तरी तळहात. मळलेली चिमूट पुढे करणे ही इकडची ओळख करून घेण्याची रीत आहे. ती नाकारणे म्हणजे माणूस नाकारण्यासारखे वाटते.

चाळिशीतल्याचे कारण मात्र तंबाखूनेच निर्माण केलेले असते. सुमारे दोन तासांत रक्तातले निकोटिन निम्म्यावर येते, मग चिडचिड होऊ लागते, मन थाऱ्यावर राहत नाही. नवी चिमूट ते शमवते. तंबाखूनेच लक्ष पळवायचे आणि तिनेच ते परत आणून उपकार केल्याचा आव आणायचा, असा हा व्यवहार आहे. आजोबांच्या पोटाचेही बरेचसे असेच. वय वाढते तसे कारण मागे पडते आणि समर्थन उरते, असे आम्हांस वाटते.

आपले कायदे मात्र वयाचा विचार अठराव्या वर्षाशीच थांबवतात. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास बंदी केली. २०१२ च्या जुलैत राज्याने गुटखा बंद केला. एप्रिल २०१६ पासून वेष्टनाचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्याने व्यापला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले, आणि २४.४ टक्के धूरविरहित तंबाखूचे. म्हणजे आपला प्रश्न मुख्यतः धुराचा नाही, चिमटीचा आहे. कर्करोगाचे ते चित्र सर्वांना एकच गोष्ट सांगते: पुढे काय होईल. ज्याचे कंत्राट काही महिन्यांचे, त्याचे 'पुढे' तेवढेच असते. आजींनी घरी भाजलेल्या मिश्रीला तर वेष्टनच नाही, मग चित्र कोठले?

कोणी म्हणेल, सज्ञान माणसाने काय खावे हा त्याचा प्रश्न आहे. मान्य. परंतु जे फाटक त्याची पुडी काढून घेते, त्याच्याच आत त्याला सलग रात्री उभे केले जाते. जागे राहण्याची सक्ती कारखान्याची आणि जागे राहण्याच्या उपायाचा दोष मुलाचा, ही वाटणी आम्हांस न्याय्य वाटत नाही.

म्हणून उपायही वयानुसार वेगळे हवेत. विशीतल्याला पाळ्यांचे माणुसकीचे वेळापत्रक आणि दिवसा झोपता येईल अशी खोली हवी. चाळिशीतल्याला व्याख्यान नको, कारखान्याच्या दवाखान्यातच समुपदेशन आणि निकोटिनची पर्यायी गोळी हवी. २०१८ पासून वेष्टनावर व्यसनमुक्तीचा दूरध्वनी क्रमांक छापला जाऊ लागला, पण पाळीच्या मधल्या सुट्टीत तो फिरवायला सवड कोण देणार? आणि आजींपाशी कोणीतरी बसून एवढेच सांगावे, की मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

यांत सर्वांत स्वस्त उपाय पहिला आहे. त्या वयात कारण अजून बाहेर असते, आणि बाहेरचे कारण बदलता येते. ते एकदा रक्तात उतरले, की पुढची चाळीस वर्षे आपण फक्त चित्रे छापत राहतो.